घटवलेले वजन टिकवणे

घटवलेले वजन टिकवणे म्हणजे आहार, व्यायाम किंवा उपचारांच्या साहाय्याने कमी केलेले वजन दीर्घकाळ त्याच पातळीवर राखणे होय. वजन घटवण्यापेक्षा ते टिकवणे बहुधा अधिक कठीण ठरते. वजन पुन्हा वाढण्यास इच्छाशक्तीचा अभाव कारणीभूत असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यामागे शारीरिक, मानसिक व सामाजिक कारणे एकत्रितपणे कार्य करतात.

शारीरिक पार्श्वभूमी

वजन घटल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च कमी होतो आणि भूक वाढते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या २०११ मधील अभ्यासात, वजन घटवून एक वर्ष उलटल्यावरही तृप्तीशी निगडित लेप्टिन या संप्रेरकाची पातळी कमी, तर भूक चेतवणाऱ्या घ्रेलिनची पातळी जास्त आढळली. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना अनेक महिने अर्धपोटी ठेवून केलेल्या मिनेसोटा प्रयोगात, सहभागींच्या मनात सतत अन्नाचेच विचार येत असल्याचे व त्यांच्यात चिडचिड आणि औदासीन्य वाढल्याचे दिसून आले.

मानसिक घटक

* नियमभंगानंतरचे अतिखाणे : कठोर पथ्य एकदा मोडले, की ‘आता मोडलेच आहे’ या विचाराने व्यक्ती अधिक खाते. पीटर हर्मन व जॅनेट पोलिवी यांनी या वर्तनाचा अभ्यास केला.
* भावनिक खाणे : ताण, एकटेपणा किंवा कंटाळा घालवण्यासाठी भूक नसताना खाल्ले जाते.
* प्रोत्साहनाची उणीव : वजन घटताना काट्यावरील आकडा व इतरांचे कौतुक यांमुळे उत्साह टिकतो. नंतर आकडा स्थिर राहतो, कौतुक थांबते. श्रम मात्र चालूच ठेवावे लागतात.

साहाय्यक सवयी

रीना विंग व जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवहीत, किमान १३.६ किलो वजन घटवून ते किमान एक वर्ष टिकवणाऱ्यांची नोंद होते. नियमित व्यायाम, वेळोवेळी वजन करणे आणि आठवडाभर सारखाच आहार ठेवणे या सवयी त्यांच्यात वारंवार आढळतात. ही नोंदणी ऐच्छिक असल्याने तिचे निष्कर्ष सर्वांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने, सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुढे आणले. त्यामुळे केवळ दिसण्यावरून वजनाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत जगन्नाथ दीक्षित यांनी राज्यभर प्रसारित केली. तिचा भर उष्मांक मोजण्यापेक्षा जेवणाच्या वेळांवर आहे.

सण, उपवास व पाहुणचार यांचाही आहारावर प्रभाव पडतो. उपवासाला खाल्ली जाणारी साबुदाण्याची खिचडी उष्मांकांनी समृद्ध असते. रत्नागिरी जिल्ह्यात गणेशोत्सव व शिमग्याला मुंबईहून चाकरमानी गावी येतात; त्या दिवसांत पंक्तीतला आग्रह मोडणे म्हणजे यजमानांचा अवमान, असे मानण्याची रीत आहे. अशा प्रसंगी पूर्ण वर्ज्य करण्याऐवजी एखादा मोदक समाधानाने खाणे आणि पुढच्या जेवणापासून नेहमीचा दिनक्रम पुन्हा सुरू करणे, हे दीर्घकाळ पाळता येण्याजोगे धोरण मानले जाते. एका दिवसाचे खाणे अपयश म्हणून न पाहिल्यास नियमभंगानंतरचे अतिखाणे टाळण्यास मदत होते.