कानापर्यंत आलेला उच्चदाब

हेडफोन हे श्रवणसाधनांपैकी सर्वांत लहान आणि कानाला सर्वांत जवळचे साधन असल्यामुळे त्याला लागणारी वीजही अल्पच असणार, असा समज सर्वत्र आढळतो. शक्तीच्या दृष्टीने तो बरोबर असला, तरी दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, दृष्टीने तो नेहमीच खरा ठरत नाही. काही जातींच्या हेडफोनना शेकडो व्होल्टचा दाब लागतो, आणि तो पुरवणारे अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे क्षीण ध्वनिसंकेताला बळ देणारी यंत्रे, हौशी मंडळी स्वतःच्या हाताने बांधत आली आहेत. या छंदाचा इतिहास जपान आणि अमेरिकेपासून सांगण्याची रीत आहे. त्याची आपल्याकडील पूर्वपीठिका मात्र मुंबईच्या रेडिओ-बाजारात आणि ज्या खोऱ्यातून मुंबईला वीज गेली, त्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात शोधावी लागते.

या पट्ट्यात उच्चदाबाची वीज निर्माण झाली ती स्थानिक गरजेसाठी नव्हे. लोणावळ्याच्या माथ्यावर साठवलेले पावसाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली सोडून खोपोलीच्या विद्युतगृहातील चक्रे फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची, या टाटांच्या योजनेचा आरंभ १९१५ साली झाला. पाठोपाठ १९२२ साली, ठोकरवाडीच्या धरणातील पाण्यावर, कर्जत तालुक्यात भिवपुरीचे विद्युतगृह उभे राहिले. वीज लांबवर न्यायची तर तारेतला प्रवाह कमी ठेवावा लागतो आणि प्रवाह कमी ठेवायचा तर दाब वाढवावा लागतो, म्हणून खोपोली ते परळ या सुमारे ७० किलोमीटरच्या वाहिनीवर एक लाख व्होल्टच्या घरातला दाब योजण्यात आला. पोशीरसारख्या भातशेतीच्या गावांचा कर्जत तालुका अशा रीतीने देशातील आरंभीच्या उच्चदाब-वाहिन्यांच्या वाटेवर आला. पण डोक्यावरून लाखभर व्होल्ट जात असताना खाली घरात रॉकेलची चिमणीच जळत राहावी, ही विसंगती या भागाने कित्येक दशके पाहिली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० सालची, आणि खेड्यापाड्यांच्या विद्युतीकरणाला खरा वेग आला तो त्यानंतरच.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद अवघी दीड किलोवॅट होती आणि त्याचा भरवशाचा टप्पा सुमारे ३० मैलांचा मानला जाई. त्या टप्प्याच्या आत राहणाऱ्याला स्फटिकाच्या संचावर, म्हणजे गॅलिना या शिसेयुक्त खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून, बॅटरीवाचून कार्यक्रम ऐकता येत असे आणि त्यासाठी हेडफोनखेरीज दुसरे साधन लागत नसे. टप्प्याबाहेर मात्र व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचनळी, अपरिहार्य होता. त्या काळच्या एका व्हॉल्व्हच्या संचात हेडफोन आजच्यासारखा यंत्राबाहेर सुरक्षित लोंबत नसे, तर व्हॉल्व्हच्या प्लेटला, म्हणजे नळीतल्या धन दाबाच्या धातुपट्टीला, दाब पुरवणाऱ्या मार्गातच जोडलेला असे. ४५ ते ९० व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह हेडफोनच्या बारीक गुंडाळीतून वाहत प्लेटपर्यंत जाई. म्हणून हेडफोनच्या दोन तारांपैकी धन बाजूची तार खूण करून वेगळी दाखवलेली असे. तारा उलट जोडल्या गेल्या तर आतल्या चुंबकाचे बळ हळूहळू उतरे. मुंबईच्या केंद्रापासून सरळ रेषेतही ३० मैलांपलीकडे असलेल्या कर्जतच्या बाजूला ऐकू पाहणाऱ्याला हा दाब टाळता येण्याजोगा नव्हता. हेडफोन आणि उच्चदाब यांची गाठ अलीकडच्या छांदिष्टांनी घातलेली नाही; ती जवळपास शंभर वर्षांची जुनी आहे.

पुढे स्पीकर आला आणि हेडफोन मागे पडला, तरी दाब मागे हटला नाही. वीज न पोहोचलेल्या गावांत व्हॉल्व्हचे संच कोरड्या बॅटरीवर चालत. त्यातला व्हॉल्व्हची तार तापवणारा दीड व्होल्टचा भाग ‘एलटी’ आणि प्लेटला लागणारा ९० व्होल्टचा भाग ‘एचटी’, म्हणजे हाय टेन्शन, अशी दुरुस्तीवाल्यांची परिभाषा होती. हाय टेन्शन हा शब्द मनोऱ्यावरील लाख व्होल्टनाही तोच आणि खोक्यातील नव्वद व्होल्टनाही तोच, हे मौजेचे असले तरी शब्दाचा इशारा दोन्हीकडे सारखाच होता. शहरात घरगुती विजेवर चालणाऱ्या संचांत एचटी अडीचशे व्होल्टच्या आसपास असे. शिवाय ‘एसी-डीसी’ नावाचे स्वस्त संच होते, ज्यांत ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी घरातील विजेची एक तार थेट चासीला, म्हणजे ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर सर्व भाग बसवलेले असतात त्याला, जोडलेली असे. पिन उलटी खोचली की सगळा सांगाडाच जिवंत होई.

या धोक्यातून दुरुस्तीच्या धंद्याने एक शिस्त घडवली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात जो सुट्या भागांचा बाजार वाढला, त्याने केवळ व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, विकले नाहीत, तर ही शिस्तही गिऱ्हाइकाच्या हाती दिली. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सिरीज बोर्ड. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि होल्डरमध्ये साठ किंवा शंभर वॅटचा तापतारेचा दिवा, एवढेच त्याचे स्वरूप. नवीन बांधलेले किंवा संशयित यंत्र थेट विजेला न लावता या दिव्यामागे लावायचे. आत कोठे शॉर्ट असेल, तर दिवा पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि सगळा दाब स्वतः झेलतो. यंत्र निर्दोष असेल, तर मोठे कंडेन्सर भरले जाईपर्यंत क्षणभर उजळून तो मंद होतो आणि पुढे व्हॉल्व्ह तापून काम करू लागले की किंचित लालसर राहतो. त्या दिव्याची चढउतार वाचणे हीच उमेदवाराची पहिली परीक्षा असे. महागड्या मोजयंत्रांच्या अभावी जन्मलेली ही युक्ती आजही उच्चदाबाच्या बांधणीत कोणत्याही मीटरइतकी कामाची आहे, आणि तापतारेचे दिवे बाजारातून नाहीसे होत असल्याची सर्वाधिक चुटपुट कोणाला लागली असेल, तर ती अशी यंत्रे बांधणाऱ्या मंडळींनाच.

व्हॉल्व्हचा पुरवठाही पुढे देशी झाला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवण्यास सुरुवात केली आणि आयातीवर निर्बंध असलेल्या त्या दशकांत हौशी बांधकाऱ्याला ईएल ८४, ईसीसी ८३ यांसारखे व्हॉल्व्ह रुपयांत मिळू लागले. ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाने १९४७ साली प्रसिद्ध केलेला विल्यमसनचा अ‍ॅम्प्लिफायर हा जगभरच्या हौशी मंडळींचा आदर्श होता. परंतु त्याला लागणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे हेच सर्वांत अवघड काम असल्याने, आराखडा कागदावर असूनही यंत्राचे यश वाइंडिंगवाल्याच्या हातावर अवलंबून राही.

ट्रान्झिस्टरने या परंपरेत खंड पाडला. चार सेलच्या सहा व्होल्टवर चालणारा संच खेड्यात पोहोचला, तो बहुतेक ठिकाणी विजेच्या आधी, आणि त्याच्याबरोबर न बिचकता उघड्या मंडळाला, म्हणजे सर्किटला, हात लावणारी नवी पिढी आली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण ज्या भीतीवर जुन्या दुरुस्तीवाल्याची विद्या उभी होती ती भीतीच अनावश्यक ठरली आणि तिच्याबरोबर एक हात मागे ठेवून दुसऱ्याने मोजमाप घेणे, कोरड्या लाकडावर उभे राहणे, वीज बंद केल्यावरही कंडेन्सर रिकामा झाल्याची खात्री करून घेणे या सवयीही गेल्या. उच्चदाबाचे हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायर बांधू लागलेल्यांना त्या नव्याने शिकाव्या लागल्या, आणि या छंदाच्या इतिहासातील खरी कथा आराखड्यांपेक्षा या पुनर्शिक्षणाची आहे.

या छंदाला निमित्त झाले स्थिरविद्युत हेडफोनचे. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली असा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्यात गुंडाळी आणि चुंबक नसतात. एक-दोन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कित्येक पट पातळ, पडदा दोन सच्छिद्र धातुपट्टिकांमध्ये ताणलेला असतो. पडद्यावर एक स्थिर दाब ठेवतात, जो पुढच्या काळातील संचांत ५८० व्होल्ट ठरला, आणि पट्टिकांवर संगीताच्या लयीने शेकडो व्होल्ट खालीवर केले की पडदा ओढला-ढकलला जातो. येथे दाब प्रचंड असला तरी प्रवाह नगण्य असतो. हेडफोन आणि त्याची तार मिळून सुमारे १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर होतो, असे धरले तर १० हजार हर्ट्झच्या स्वराला त्याचा विरोध १ लाख ६० हजार ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे ४०० व्होल्टच्या शिखरालाही अडीच मिलिअँपिअर पुरतात. खोपोलीच्या अभियंत्यांनी ज्या नियमाने लाख व्होल्ट निवडले, प्रवाह थोडा आणि दाब मोठा, त्या नियमाचेच हे कानाएवढे रूप म्हणता येईल, जरी दोन्हींची कारणे अगदी निराळी आहेत.

आरंभीच्या आराखड्यांत ईएल ३४ सारखे व्हॉल्व्ह वापरले गेले. पुढे चित्रनळीच्या टीव्हीसाठी बनवलेले, शेकडो व्होल्ट सोसणारे ट्रान्झिस्टर हाती आले आणि सपाट पडद्यांच्या टीव्हीने चित्रनळी हद्दपार करताच तेही दुर्मिळ झाले. सुधारणेचा मोठा भाग मात्र ध्वनीच्या मार्गात न होता वीजपुरवठ्यात झाला. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ती सरळ करताना मागे १०० हर्ट्झची घुरघुर, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘हम’, उरते. आठ-दहा फुटांवरच्या स्पीकरमध्ये जी खपून जाते, ती कानाला चिकटलेल्या हेडफोनमध्ये अजिबात खपत नाही. त्यावर चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी, हा जुना उपाय होता. नव्या बांधणीत दाब स्थिर ठेवणारे नियामक मंडळ आले. सर्व परतीच्या तारा चासीवर कोठेही न टेकवता एकाच बिंदूत आणायच्या, हा नियमही हमच्याच शोधातून पक्का झाला. ट्रान्सफॉर्मर आजही मागणीनुसार गुंडाळून घेतात: बॉबीनवर एनॅमल तारेचे थर, दोन थरांमध्ये लेदरॉइड कागद, वर स्टॅम्पिंगचे, म्हणजे कापलेल्या पोलादी पत्र्यांचे, गठ्ठे आणि शेवटी व्हार्निशची बुडी. व्हार्निश आतपर्यंत मुरले नाही तर पत्रे गुणगुणतात.

कोकणातल्या पावसाने या कामात आणखी एक अट घातली, जी कोरड्या हवेतील आराखड्यांत सहसा लिहिलेली नसते. घाटाच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की पडद्यावरचा भार कडेने झिरपू लागतो. एका कानाचा आवाज हळूहळू उतरतो आणि कधी बारीक चुरचुर ऐकू येते. जोडमंडळावर डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, वापरलेल्या राळेचा थर राहिला असेल, तर त्यावर ओल आणि धूळ बसून शेकडो व्होल्टना वाट मिळते. त्यामुळे डाग देऊन झाल्यावर स्पिरिटने मंडळ धुणे, उच्चदाबाच्या दोन रेषांमध्ये अंतर वाढवणे, वेळप्रसंगी त्यांच्यामध्ये मंडळाच्या पट्टीला खाच कापणे आणि हेडफोन सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवणे ही येथे चैन नसून बांधणीचाच भाग ठरते.

याच पावसात वीजही वारंवार जाते. घरातले दिवे त्या क्षणी विझतात, परंतु ४०० व्होल्टला भरलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये ८ ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. त्याच्या टोकांवर रिकामे करण्यासाठी जोडलेला २ लाख २० हजार ओहमचा रोध ती हळूहळू संपवतो. अर्ध्या मिनिटानंतरही तेथे शंभर व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो हाताला निरुपद्रवी होण्यास आणखी मिनिट-दीड मिनिट जावे लागते. म्हणून जाणकार बांधकारी अंधारात झाकणाला हात लावत नाही. तो दोन मिनिटे मोजतो, मग मीटरची टोके लावून आकडा शून्याशी आल्याचे पाहतो आणि त्यानंतरच स्क्रू फिरवतो.