पहिल्या वर्षी जास्त सामने हरले, पुढं १२ वेळा देशात पहिले : कनेक्टिकटच्या मुलींचा बास्केटबॉल संघ

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं वेड आपल्याकडच्या आयपीएलसारखं आहे. मार्च महिना आला की देशभरातल्या निवडक कॉलेजांची स्पर्धा सुरू होते. हरला तो घरी. शेवटी चार संघ उरतात, त्याला 'फायनल फोर' म्हणतात, आणि तिथवर पोचणं हाच मोठा मान समजतात. मुलींच्या या स्पर्धेत २०२५ पर्यंत सर्वात जास्त म्हणजे १२ वेळा जिंकलेला संघ कनेक्टिकट विद्यापीठाचा. तिकडं त्याला 'यूकॉन' म्हणतात. १९८५ पर्यंत हा संघ कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

हे विद्यापीठ शहरात नाही. स्टॉर्स नावाच्या गावात आहे. १८८१ साली स्टॉर्स आडनावाच्या दोघा भावांनी दिलेल्या जमिनीवर आणि पैशावर तिथं शेतीशाळा सुरू झाली, ती वाढत वाढत विद्यापीठ झाली. आजही आवारात गाईंचा गोठा आहे आणि तिथलं आईस्क्रीम खायला लोक लांबून येतात. (आपली राहुरी, अकोल्यासारखी कृषी विद्यापीठं ज्या अमेरिकन नमुन्यावर उभी राहिली, त्याच जातीचं हे विद्यापीठ.) हार्टफर्ड हे जवळचं शहर साधारण ४० किलोमीटरवर. अशा आडगावात चांगली खेळाडू कशाला येईल?

नवा कोच आला

अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. खेळातही नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत यूकॉनमध्ये मुलींचा संघ उभा राहिला. पण पहिल्या ११ हंगामांत फक्त एकदाच त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त भरले. खेळायची जागा म्हणजे गळक्या छताचा जुना हॉल.

१९८५ मध्ये तिथं जीनो ऑरिएम्मा हा ३१ वर्षांचा माणूस मुख्य कोच म्हणून आला. इटलीतल्या मोंटेला गावचा. सातव्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेत आला तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्याआधी तो व्हर्जिनिया विद्यापीठात सहायक कोच होता. त्याच्या जोडीला क्रिस डेली ही सहायक आली. ती स्वतः रटगर्सकडून खेळून १९८२ मध्ये विजेत्या संघात होती. बातम्यांत जीनोचंच नाव येतं, पण ही बाई पहिल्या दिवसापासून सोबत आहे. माझ्या मते या यशातला मोठा वाटा तिचा.

पहिला हंगाम : १२ विजय, १५ पराभव. दुसरा : १४ आणि १३. आपल्याकडं असता तर 'बदला कोच' म्हणून ओरड झाली असती. तिथं कुणी हलवलं नाही. चौथ्या वर्षी २४ सामने जिंकले आणि संघ पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत गेला. सहाव्या वर्षी, १९९१ ला, थेट फायनल फोर. हरले ते नेमके व्हर्जिनियाकडून, जिथं जीनो आधी नोकरीला होता. त्या संघाची मोठी खेळाडू केरी बास्कम. मधल्या काळात, १९९० मध्ये, आवारात 'गॅम्पेल' हे नवं बंदिस्त मैदानही झालं होतं.

१९९५

खरा बार उडाला तो १९९५ मध्ये. तेव्हा टेनेसी हा सगळ्यात दरारा असलेला संघ, पॅट समिट त्यांच्या कोच. जानेवारीत पहिल्या क्रमांकाच्या टेनेसीला यूकॉननं घरच्या मैदानावर ७७-६६ नं हरवलं. एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघं समोर. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर असा नियम आहे, आणि यूकॉनची सहा फूट चार इंचाची रिबेका लोबो पहिल्या अर्ध्यातच तीन फाऊल करून बाकावर बसली. अर्ध्या वेळेला यूकॉन सहा गुणांनी मागं. शेवटी निकाल ७०-६४, यूकॉन विजयी. पूर्ण हंगामात ३५ सामने, ३५ विजय. आडगावच्या संघाची नावं त्या वर्षी देशभर झाली.

पुढं हे नेहमीचंच झालं. २००२ ते २००४ सलग तीनदा, २०१३ ते २०१६ सलग चारदा विजेतेपद. एकही सामना न हरता संपवलेले हंगाम सहा. एकदा तर ओळीनं १११ सामने जिंकले. २०१७ च्या फायनल फोरमध्ये मिसिसिपी स्टेटनं जादा वेळेत, अगदी शेवटच्या क्षणी चेंडू टाकून ती साखळी तोडली.

सरावाची पद्धत कडक. मुलींचा सराव विद्यापीठातल्या साध्या विद्यार्थी मुलांविरुद्ध घेतात. ती मुलं उंच, ताकदवान. त्यांच्यापुढं टिकलं की सामन्यातल्या मुली सोप्या वाटतात. आणखी एक गोष्ट जीनोनं जाहीर सांगितलेली आहे : सोबतीण चांगली खेळली तरी बाकावर तोंड पाडून बसणारी मुलगी, मग ती कितीही भारी असो, त्याच्याकडं खेळणार नाही.

सगळं गोड नाही. १९९८ मध्ये निकेशा सेल्सला बास्कमचा गुणांचा विक्रम मोडायला दोन गुण हवे होते आणि पायाची शीर तुटली. जीनोनं समोरच्या व्हिलानोव्हाच्या कोचशी ठरवून तिला उभ्या-उभ्या बास्केट करू दिली, बदल्यात त्यांनाही एक दिली. देशभर वाद झाला. माणुसकी म्हणून समजू शकतो, पण ज्या बास्कमचा विक्रम होता तीही त्याच संघाची. ठरवून मोडलेला विक्रम मला तरी पटत नाही.

२०१६ नंतर नऊ वर्षं विजेतेपद नाही. २०२२ च्या अंतिम सामन्यात डॉन स्टेलींच्या साऊथ कॅरोलिनानं हरवलं. अंतिम सामना हरण्याची यूकॉनची ती पहिलीच वेळ. मग दुखापती सुरू झाल्या. गुडघ्याची शीर तुटून पेज बेकर्सचा अख्खा हंगाम गेला, नंतर अझी फडचाही बहुतेक गेला. दोघी थांबल्या, बऱ्या झाल्या. ६ एप्रिल २०२५ ला टॅम्पा शहरात त्याच साऊथ कॅरोलिनाला ८२-५९ नं हरवलं. फड आणि पहिल्याच वर्षाची सारा स्ट्राँग, दोघींचे २४-२४ गुण.

त्याच हंगामात, २० नोव्हेंबर २०२४ ला, जीनोनं १,२१७ वा सामना जिंकला आणि अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वात जास्त विजय मिळवणारा कोच झाला. त्या आकड्यात १९८५ च्या हंगामातले ते १२ विजयही धरलेले आहेत.