लांब पिनेचा इतिहास

विजेच्या गाड्यांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बॅटरी आणि किंमत यांच्यापाशीच थांबते. ज्या प्लगमधून वीज गाडीत जाते, त्याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कुठल्याही विद्यापीठाचा आधार नसताना मी गेली काही वर्षे मानकांचे दस्तऐवज वाचून ही गोष्ट लावत आलो आहे. नंदुरबार जिल्ह्याशी तिचा संबंध माझ्या मते जवळचा आहे.

मानक म्हणजे काय, हे नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर समजते. ते अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. रुळांची रुंदी एकच असल्यामुळे गाडीला या हद्दीची अडचण होत नाही. प्लगच्या बाबतीत हे इतके सहज झाले नाही.

आपल्या घरातल्या गोल पिनांचा वंश १९३४ च्या ब्रिटिश मानक ५४६ पर्यंत जातो. इंग्लंडने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक आणले, आपण मात्र गोल पिनाच ठेवल्या. त्यातली तिसरी पिन जाड आणि लांब असते. ती सर्वांआधी आत शिरते आणि सर्वांनंतर सुटते, म्हणजे वीज पोहोचण्याआधी अर्थिंग जोडले जाते. पण हा प्लग मुका आहे. पुढे इस्त्री आहे की स्कूटर, हे त्याला कळत नाही.

जर्मनीच्या मेनेकेस कंपनीने घडवलेल्या आणि २०१४ मध्ये युरोपीय संघाने स्वीकारलेल्या टाइप-२ प्लगला सात पिना आहेत. पाच विजेच्या आणि अर्थिंगच्या, दोन लहान पिना इशाऱ्याच्या. त्यांपैकी पायलट पिनेवर चार्जर १२ व्होल्ट ठेवतो. प्लग जोडताच गाडीतल्या रोधामुळे ते ९ वर येतात. मग चार्जर हा इशारा सेकंदाला हजार वेळा चालू-बंद करतो. त्यातला चालू काळ शेकडा किती, त्याला ०.६ ने गुणले की गाडीने जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यावेत ते कळते. ५० टक्के म्हणजे ३० अँपिअर. गाडी तयार झाली की व्होल्ट ६ वर उतरवते आणि तेव्हाच मुख्य वीज सुरू होते. हा इशारा अर्थिंगच्या तारेतून परततो. त्यामुळे चार्जर आणि गाडी यांच्यामधली ती तार तुटली तर वीजही थांबते. पायलट पिन आखूड असल्याने प्लग ओढताना ती आधी सुटते आणि ठिणगी टळते. लांब पिनेमागचा विचारच इथे पुढे नेला आहे.

भारतात २०१७ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी पुण्याच्या एआरएआय संस्थेने एआयएस-१३८ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी भारत एसी-००१ आणि डीसी-००१ हे चार्जर ठरले. पहिल्याला कारखान्यांत दिसतो तसा तीन पिनांचा सॉकेट होता; त्यात इशाऱ्याला जागाच नव्हती. दुसऱ्याने चिनी घडणीचा प्लग घेतला. तो १५ किलोवॅटपर्यंतचा आणि ४८ वा ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी होता. सरकारी खरेदीतल्या मोटारी तेव्हा त्याच जातीच्या होत्या. २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही तीनशेहून अधिक व्होल्टची बॅटरी आणि सीसीएस-२ प्लग घेऊन आली. टाइप-२ खाली दोन जाड पिना जोडून हा प्लग बनतो. पायलटवर ५ टक्क्यांचा इशारा आला की चार्जर आणि गाडी त्याच तारेवरून संगणकी संभाषण सुरू करतात. डीसी-००१ अशा गाड्यांना निरुपयोगी ठरला. मानक समोरच्या खरेदीपुरते बेतले की असे होते.

सुरत-धुळे महामार्गावर नवापूर, विसरवाडीवरून जाणाऱ्या मोटारींचा प्रश्न सीसीएस-२ ने बराचसा सोडवला आहे. जिल्ह्याच्या आतला प्रश्न दुचाकी आणि ई-रिक्षांचा आहे. त्या बहुधा घरच्या बोर्डावर, म्हणजे मुक्या प्लगवरच चार्ज होतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी एसी आणि डीसी एकत्र असलेल्या देशी कनेक्टरला मान्यता दिली. तो एथर कंपनीने विकसित केला. पण मानक झाले म्हणून प्रत्येक दुचाकीला तो प्लग आलेला नाही.

तोवर भिस्त लांब पिनेवर. जुन्या घरांत अनेकदा बोर्डाचे तिसरे भोक कशालाच जोडलेले नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या खडकाळ जमिनीत अर्थिंगचा रॉड खोल जात नाही आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो. अशा ठिकाणी रात्रभर लावलेल्या गाडीत बिघाड झाला, तर सकाळी तिला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. कितीही बोलका प्लग आला तरी जमिनीतले अर्थिंग तो सुधारू शकत नाही. म्हणून जिल्ह्यात चार्जिंग केंद्रे किती झाली हे मोजताना, किती घरांची अर्थिंग वायरमनने तपासली हेही मोजले पाहिजे. ती तपासणी महागडी नाही आणि तिच्यासाठी नव्या मानकाची वाट पाहावी लागत नाही.