बोजा : एका नोंदीची कुळकथा

दिवाळीच्या पाडव्याला आपण बळीराजाची आठवण काढतो. ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणत घरातली बाई ओवाळते. या कथेकडे जरा महसुली नजरेने पाहिले तर मोठी गंमत वाटते. जमिनीच्या व्यवहाराची आपल्या पुराणातली ही सर्वांत प्रसिद्ध हकीकत. घेणारा तीन पावले मागतो, देणारा हातावर पाणी सोडतो. ना चौकशी, ना लिखापढी. सावध असतात ते एकटे शुक्राचार्य. समोरचा बटू कोण आहे ते आधी नीट पाहा, असे ते परोपरीने सांगतात, कोणी ऐकत नाही म्हणून झारीच्या तोटीत जाऊन बसतात आणि एक डोळा गमावून बाहेर येतात. व्यवहारापूर्वी चौकशी करा म्हणणाऱ्या या गृहस्थाच्या वाट्याला पुढे काय आले? ‘झारीतले शुक्राचार्य’ ही आपल्या भाषेत चक्क एक शिवी होऊन बसली!

याच सणात लक्ष्मीपूजनाला वहीचीही पूजा होते. ज्याचे येणे आहे तो वहीला हळदकुंकू वाहतो, हे योग्यच. पण ज्याचे देणे आहे त्याचे काय? त्याचे नाव त्या वहीत असते. परंतु त्याला ती वही पाहावयास मिळते का? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागात कसकसे बदलत गेले, ते सांगण्याचा येथे विचार आहे.

माझे गाव चौसाळा. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर ते वसले आहे. मतदारसंघांची २००८ ची पुनर्रचना होईपर्यंत विधानसभेचा एक मतदारसंघ या नावाने ओळखला जाई. आज महसूल मंडळाचे गाव म्हणून त्याचे नाव कागदोपत्री येते. मुलूख बहुतांशी कोरडवाहू. अशा मुलखात कर्ज ही चैन नसून पेरणीचीच एक पायरी असते. म्हणून आमच्याकडे जमिनीची गोष्ट निघाली, मग ती विक्रीची असो, वाटणीची असो की लेकीच्या लग्नाची असो, पहिला प्रश्न ठरलेला : ‘बोजा आहे का?’

बोजा म्हणजे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पडलेली कर्जाची नोंद. दक्षिणेकडच्या राज्यांत नोंदणी खाते ‘अमुक वर्षांत या मिळकतीवर अमुक व्यवहार नोंदले गेले’ असा एक दाखलाच देते. कर्नाटकात त्याला ‘ऋणभार प्रमाणपत्र’ असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे रीत निराळी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक दोन चाळायची, सातबारा आणि फेरफार पाहायचे, आणि या सर्वांवरून वकिलाने शोधाचा अहवाल लिहावयाचा. बोजा आहे की नाही हे एका कागदावरून कळत नाही. पुष्कळ कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

बोजा फक्त गरीब कुणब्याच्या जमिनीवरच चढतो असा समज असेल, तर तो सोडून द्यावा. एके काळी आमच्या राजाच्याच मुलखावर बोजा चढला होता. निजामाच्या खर्चाने पोसली जाणारी, पण इंग्रजांच्या हुकमतीखाली असलेली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचा पगार थकला, कंपनी सरकारने तो आपल्या तिजोरीतून भागवला आणि कर्ज म्हणून निजामाच्या नावे मांडला. १८५३ च्या मे महिन्यात डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमच्या शेजारचा धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. मालकी निजामाची, वहिवाट कंपनीची, आणि उत्पन्नातून खर्च भागवून उरेल त्याचा हिशेब मालकाला द्यावयाचा. चौसाळ्याच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, तो या तहाचे नाव एका शब्दात सांगेल : कबजेगहाण.

पुढे १८६० मध्ये नवा तह झाला. सत्तावन सालातल्या निष्ठेची कदर म्हणून पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले ते राहिलेच. शिवाय एक कलम पडले : वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने यापुढे मागावयाचा नाही! सालारजंगांसारख्या कर्तबगार दिवाणाने वऱ्हाड सोडवण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खटपट केली, पण ती फळाला आली नाही. १९०२ साली कर्झनने सालिना पंचवीस लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. ज्याच्या दारी हत्ती झुलत होते त्या निजामालाही धनकोची वही उघडून पाहता आली नाही. मग पठारावरच्या कुळाची काय कथा!

या कुळाची कथा सालारजंगांपासूनच सुरू होते. १८५३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी ते दिवाण झाले. तोवर महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम देई आणि रयतेकडून हाती लागेल तितके घेई. सालारजंगांनी मक्ते मोडले, पगारी अधिकारी नेमले, जिल्हाबंदी केली. मराठवाड्यात १८७० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. सर्व्हे नंबर पडले, आकार ठरला, खातेदाराचे नाव लागले. ही सुधारणा खरी आणि मोठी. पण तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. हद्द ठरली आणि नाव लागले, तशी जमिनीला सावकाराच्या ओट्यावर पतही आली. जी वस्तू नेमकी कोणाची हे सांगता येत नाही, ती गहाण कशी घेणार? आता सांगता येऊ लागले. मग नजरगहाण आले, ज्यात शेत कुणब्याकडेच राही. कबजेगहाण आले, ज्यात सावकार शेत वाही. आणि सर्वांत कठोर ती मुदतखरेदी, जीत ठरल्या दिवशी पैसे न फिटल्यास गहाणाची आपोआप विक्री होई.

पश्चिमेकडे काही अंतर सीना नदी हीच मोगलाई आणि इंग्रजी अंमल यांची सरहद्द होती. तिच्या पलीकडे, नगर आणि पुणे जिल्ह्यांत, याच सुमारास भडका उडाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. हे लोण गावोगाव पसरले. पण या दंग्यांचे एक वैशिष्ट्य चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनलाही नोंदवावे लागले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढा, एवढीच मागणी. सावकाराने ते मुकाट्याने दिले की बहुधा त्याच्या जिवाला धक्का लागत नसे. कागदांची होळी झाली की जमाव पांगे.

लोकांनी कागद का जाळले? त्यावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, आणि वाचू द्या म्हणण्याचा अधिकारही नव्हता, म्हणून. हे सरकारच्याही ध्यानी आले असावे. कारण १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा पाहिला तर त्यात वहीचाच विचार अधिक दिसतो. न्यायाधीशाने नुसत्या रोख्यावर विसंबू नये, मुद्दल किती नि व्याज किती ते मुळापासून तपासावे. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत. फेडीची पावती द्यावी. ऋणको मागेल तर वर्षाचा हिशेब लिहून द्यावा. वही कुणब्यासमोर उघडण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रयत्न. परंतु तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता. सीना ओलांडून तो आमच्याकडे आला नाही. हैदराबाद संस्थानात सावकारी आणि जमिनीचे हस्तांतर यांवर कायदे झाले ते १९३० नंतरच्या काळात. जमिनीवरील हक्कांच्या नोंदीचा कायदा आला तो फसली १३५८ मध्ये. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे हे साल १९४८-४९, संस्थानचा शेवट झाला तेच!

त्यानंतर आमच्या दप्तराने किती घरे बदलली पाहा. दप्तर उर्दूत, बोली मराठी. पोलीस कारवाईनंतर १९५४-५५ चे खासरा पत्रक तयार झाले. आजही मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील प्रथम ‘खासरा आणा’ म्हणतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानच्या मुलखाचे तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसुरात आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात. पूर्वी एकाच दरबाराला सारा भरणारी ही तीन भावंडे. आज दोघांकडे ऋणभाराचा दाखला मिळतो आणि तिसऱ्याकडे शोधाचा अहवाल. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम पुढल्या वर्षी स्वातंत्र्यदिनी अमलात आला, आणि सातबारा आमच्या तोंडी रुळला.

आता आजच्या दिवसाकडे येऊ. आमच्या एका गटावर दिवंगत चुलत्यांच्या नावचा एका सोसायटीचा बोजा आहे. रक्कम अडीच हजारांच्या आत. कर्ज फिटले, फेडीची पावती ट्रंकेत जपून ठेवली आहे, चुलते जाऊनही तप लोटले. नोंद मात्र ठणठणीत आहे. तिच्यामुळे पुतण्याचे बँकेतले काम अडून बसले. ती कमी करण्यासाठी मी ‘ई-हक्क’ या सरकारी सोयीवर अर्ज केला. सोसायटीकडून बेबाकी दाखला आणून जोडला. ‘बेबाकी’ म्हणजे बाकी न उरणे. दप्तराची उर्दू गेली, पण हा शब्द आमच्यासाठी मागे राहिला.

अर्जाला क्रमांक मिळाला, आणि घरातली तरुण मंडळी रोज मोबाइलवर त्याची हालहवाल पाहू लागली. अर्ज प्रथम तलाठ्याकडे जातो. २०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कागद जुळले की फेरफाराच्या नोंदवहीत नोंद धरली जाते. मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ही नोटीस पूर्वी केवळ चावडीच्या भिंतीवर लागे. आता ‘आपली चावडी’ या नावाने ती कोठूनही वाचता येते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच बोजा उतरतो. आमचा अर्ज हे लिहीत असताना हरकतीच्या मुदतीत आहे. पुतण्या म्हणतो, ‘काका, पंधरा दिवस कशाला? पैसे तर कधीच फिटलेत!’ मी त्याला सांगितले, ‘बाबा, कोणी आपल्या शेतावर खोटी नोंद टाकायला निघाला, तर हेच पंधरा दिवस आपल्या उपयोगी पडतील.’

या नव्या सोयीबद्दल भाबडेपणाने बोलण्याचे मात्र कारण नाही. अर्ज कोठे आहे हे यंत्र सांगते. तो तेथे का थांबला हे सांगतेच असे नाही. जुने दस्त अजूनही कचेरीच्या कपाटांत शोधावे लागतात. तोंडी उसनवारी कोणत्याच सूचीत येत नाही. आणि मुख्य म्हणजे, कर्ज फिटल्याने बोजा आपोआप उतरत नाही. बोजा चढवण्याची घाई धनकोला असते. उतरवण्याची आठवण ऋणकोलाच ठेवावी लागते. आमच्या भागात कर्ज फेडलेली पण कागदावर अजून कर्जदारच असलेली घरे आहेत, ती याच कारणाने.

तरीही फरक लहान नाही. ज्या वहीसाठी सुप्याच्या बाजारात होळी पेटली, जिचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्यक्ष निजामाला सोडून द्यावा लागला, तिचे आपले पान आज चौसाळ्याची शाळकरी मुलगीही आजीला वाचून दाखवू शकते. सणाला लेकीसुना, भाऊबंद घरी आले आहेतच. फराळ झाल्यावर सर्वांनी मिळून एकदा सातबारा काढावा, ‘इतर हक्क’ हा रकाना मोठ्याने वाचावा आणि घरच्या पावत्यांशी ताडून पाहावा. एखादी जुनी नोंद सापडली तर वडीलधाऱ्यांच्या हयातीतच ती मार्गी लावावी, कारण त्या नोंदीमागची हकीकत सांगणारे तेच आहेत. कोणी ‘आले झारीतले शुक्राचार्य’ असे हसून म्हणाले, तर म्हणू द्यावे. बळीच्या दरबारात जमिनीची चौकशी करा म्हणणारा तोच एक होता.