मोहर, मुंडके आणि कथा : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आवृत्त्यांनी खेळाडू कसे घडवले

(१/११)
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नाव आजही तेच आहे. परंतु १९८१ची पुस्तके घेऊन बसलेला गट आणि २०१४ची पुस्तके घेऊन बसलेला गट शेजारी शेजारी पाहिले, तर हे दोन निराळे खेळ वाटावेत. पहिला गट राक्षसाची चाहूल लागताच लपतो. दुसरा बहुधा शस्त्र उपसतो. हा फरक कोठून आला? खेळ बक्षीस कशाला देतो, या एका नियमाचा माग काढणारा आजचा धागा.

(२/११)
प्रथम खेळाचे स्वरूप. एक जण सूत्रधार असतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. भुयार, दालने, तेथील राक्षस यांचे वर्णन तो करतो. इतर खेळाडू योद्धा, जादूगार, पुरोहित अशी एकेक भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे पडतात. यशाबद्दल ‘अनुभवगुण’ मिळतात; ते पुरेसे साठले की पात्र वरच्या पातळीला जाते.

(३/११)
खेळाचा उगम युद्धपटात आहे. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढले. छोटे पुतळे मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याचे ते नियम होते. मिनेसोटातील डेव्ह अर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येकाच्या हाती सैन्याऐवजी एकच वीर दिला आणि त्याला किल्ल्याखालच्या भुयारात उतरवले. गायगॅक्स आणि अर्नेसन यांच्या सहकार्यातून तीन पुस्तिकांची पेटी निघाली. पहिली छपाई १,००० प्रतींची होती.

(४/११)
या आरंभीच्या खेळात भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेला एक अनुभवगुण मिळे. १९८१च्या ‘बेसिक’ संचाचा हिशेब पाहा. योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,००० गुण लागत. ऑर्क नावाचा सामान्य राक्षस मारला, तर मिळत अवघे १०, आणि तेही सर्वांत वाटून. जादूगाराचे प्राणबल आरंभी बहुधा फार तर चार. ते शून्यावर आले की मृत्यू. साहजिकच लढाई हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरे. लाच देणे, लपणे, पळणे, राक्षसांना आपापसांत लढवणे हेच शहाणपण होते.

(५/११)
सापळे शोधण्याची रीतही निराळी होती. ‘मी काठीने फरशी ठोकून पाहतो’, ‘फटीत पाणी ओततो’ असे खेळाडूने सांगायचे आणि सूत्रधाराने त्यावर निर्णय द्यायचा. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर हे पात्र आले. सापळा निकामी करणे, कुलूप उघडणे यांसाठी त्याला टक्केवारी दिली गेली. जे काम पूर्वी कोणीही युक्तीने करू शके, ते आता एका पात्राचे कौशल्य झाले आणि त्याचा निकाल फाशाकडे गेला.

(६/११)
१९७७ ते १९७९ या काळात ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन जाड पुस्तके आली. प्रत्येक घरी खेळ वेगळा होत होता. गायगॅक्स यांना त्यात एकसूत्रता हवी होती. पुढे १९८४ मध्ये ट्रेसी हिकमन व मार्गारेट वाइस यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेने नवी अपेक्षा रुजवली. तिच्यात आधीच आखलेली महाकथा होती आणि ती पार पाडणारे वीर होते. असे वीर पहिल्याच भुयारात मेले, तर कथा पुढे कशी जाणार?

(७/११)
१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने हा कल मान्य केला. सोन्याबद्दलचे गुण ऐच्छिक झाले. कथेतील उद्दिष्ट साधल्याबद्दल गुण देण्याची सोय आली. खेळावर सैतानपूजेचे आरोप होत असल्याने भुते-सैतानांची जुनी नावेही वगळली गेली. लुटारूची जागा हळूहळू सज्जन वीर घेऊ लागला.

(८/११)
१९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने मूळची टीएसआर कंपनी विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती काढली. आता गुण आव्हानांवर मात केल्याबद्दल, म्हणजे मुख्यतः राक्षस हरवल्याबद्दल मिळू लागले. तुल्यबळ अशा सुमारे तेरा चकमकींनंतर पातळी वाढावी, असा हिशेब होता. सूत्रधार झेपेल असाच शत्रू समोर ठेवणार हे कळल्यावर पळायचे कशाला? खेळाडूंची बुद्धी भुयारापेक्षा पात्राच्या बांधणीत खर्च होऊ लागली. २००८च्या चौथ्या आवृत्तीने तर अंतरेही पटावरील चौकोनांत मोजली. ती रणनीती कित्येकांना आवडली, कित्येकांना परकी वाटली.

(९/११)
येथे खरा प्रश्न उभा राहतो. पुस्तक छापणे बंद झाले की ती खेळण्याची रीतही लोपते काय? तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने एक खुला परवाना दिला होता. त्याच्याच आधारे चाहत्यांनी ‘ऑस्रिक’ (२००६) व ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ (२००७) यांतून जुने नियम नव्याने मांडले. सोन्याचे गुण परत आले आणि त्यांच्याबरोबर जुनी सावधगिरीही. २०२३च्या आरंभी कंपनीने हा परवाना बदलण्याचा घाट घातला, तेव्हा तीव्र विरोध झाला. माघार घेत तिने पाचव्या आवृत्तीचे मूलनियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले.

(१०/११)
ती पाचवी आवृत्ती २०१४ची. प्राणबल शून्यावर आले तरी पात्र सहसा लगेच मरत नाही. फाशाच्या तीन यशांपूर्वी तीन अपयशे आली, तर मृत्यू. पात्राचे आदर्श, ऋणानुबंध व दोष आधीच लिहायचे असतात. गुण न मोजता कथेच्या टप्प्यावर पातळी वाढवण्याचा पर्यायही सूत्रधाराला आहे. जो वीर टिकणार, त्याचा पूर्वेतिहास दहा पाने लिहिण्यात अर्थ असतो. १९८१च्या जादूगारासाठी तेवढी शाई कोणी खर्च केली नसती.

(११/११)
नियम कोणावर सक्ती करत नाहीत. अनेक घरांत ते पहिल्या दिवसापासून मोडले, जोडले गेले आहेत. तरीही बक्षिसाचा नियम मूकपणे शौर्याची व्याख्या करतो : कधी मोहर घेऊन जिवंत परतणे, कधी शत्रूला लोळवणे, कधी कथा तडीस नेणे. म्हणून एखाद्या गटाला ‘नीट खेळत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे कोणत्या सालचे पुस्तक उघडे आहे, तेवढे पाहून घ्यावे.