सूट कुणाच्या हिशेबाने?

गेल्या दिवाळीआधी आमच्या बचत गटातल्या आठ जणी गाडी करून पिंपळे सौदागरला खरेदीला गेलो होतो. 'फॅक्टरी आउटलेट' अशी पाटी लावलेल्या दुकानांत कंपनीचे कपडे आणि बूट निम्म्या किमतीत मिळतात, असं ऐकलं होतं. सौदागर म्हणजे व्यापारी, पण आमच्या सासूबाईंच्या पिढीला हे गाव पवनाकाठचं शेतीचं गाव म्हणूनच ठाऊक. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या आणि आता नावाप्रमाणे सौदागरही आले.

घरी आल्यावर सगळ्या एकच बोलत होत्या: एवढे वाचले, तेवढे वाचले. पुढच्या बैठकीत हप्त्यांची वही उघडली तेव्हा मात्र प्रश्न पडला, वाचलेले पैसे गेले कुठे? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

कारखान्याच्या दारात स्वस्त माल मिळणं ही आपल्याकडे जुनीच गोष्ट. मुंबईत १८५४ साली पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढे परळ-लालबागचं अख्खं गिरणगाव वसलं. माग चालला की ताग्याच्या शेवटी तुकडे उरायचे, कुठे सूत तुटायचं, कुठे रंगाचा डाग पडायचा. त्या तुकड्यांना 'फेंट' म्हणायचे. असा डागी माल बाजारात पूर्ण भावाने जात नाही, म्हणून तो स्वस्तात निघायचा. घेणारीला डाग दिसत असायचा, तो शिवणीत कसा लपवायचा हेही ठाऊक असायचं. स्वस्ताईचं कारण हातात धरून बघता येत होतं.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. तिथल्या कारखान्यांनी आधी आपल्या कामगारांना आणि मग आसपासच्या लोकांना उरलेला माल विकला. १९७०च्या दशकात पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या रेडिंग या गावी मोज्यांच्या जुन्या गिरणीत अशी दुकानं एकत्र आली आणि गर्दी लोटली. गर्दी एवढी वाढली की उरलेला माल पुरेना. मग काही कंपन्यांनी आउटलेटसाठीच वेगळा माल शिवायला घेतला. नाव तेच, पण कापड पातळ आणि शिवण साधी. २०१४ साली तिथल्या काही खासदारांनी सरकारी व्यापार आयोगाला पत्र लिहून विचारलं, की जो माल मोठ्या दुकानात कधी विकलाच नाही, त्यावर 'मूळ किंमत' कशी छापता?

आणि आपल्याकडे गिरण्याच गेल्या. १९८२चा संप झाला आणि गिरणगाव मोडलं. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. आज त्याच जागेवर मॉल आहे.

आता छापील किमतीचं बघू. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापायची पद्धत आपल्याकडे १९९०पासून आली. ती आपल्या संरक्षणासाठीच आहे, दुकानदाराने त्याहून जास्त घेऊ नये म्हणून. पण ती किंमत कंपनीच ठरवते. त्या किमतीला तो कुर्ता कधी कुणी विकत घेतला होता का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. २,९९९ छापून १,२०० ला दिला, तर १,७९९ वाचले हे कंपनीचं गणित झालं.

आमच्या वहीतलं गणित वेगळं निघालं. एका मैत्रिणीने गटातून पाच हजार कर्ज घेतलं होतं. साठ टक्के सूट, म्हणजे साडेबारा हजारांचे कपडे पाच हजारांत. साडेसात हजार वाचले म्हणून ती खूश. शेकडा दोन रुपये व्याज, दहा महिने पाचशेचा हप्ता, मिळून व्याज झालं ५५०. गाडीभाड्याचा वाटा ३००. एकूण ५,८५०. त्याआधीच्या दिवाळीला याच घराने पिंपरी कॅम्पात, एसटीच्या भाड्यासकट, ३,२०० रुपयांत चौघांचे कपडे केले होते. म्हणजे तिला २,६५० जास्त पडले. त्यात दोन कुर्ते असे, की 'तीन घ्या' म्हटलं म्हणून घेतले.

पण सगळंच फसवं होतं असं म्हणायला आम्ही तयार नाही. दुसरीने मुलासाठी कामावर घालायचे बूट आणले. गेल्या हंगामाचा रंग, एकच माप शिल्लक. तसेच बूट तिने आधी चिंचवडला बघून भाव लिहून ठेवला होता. तिचे खरोखर नऊशे रुपये वाचले. फरक एवढाच, की तिने छापील किमतीशी नाही, स्वतः लिहिलेल्या भावाशी तुलना केली.

एकत्र जाऊन पैसे वाचतात ही आमची समजूतही चुकीची नव्हती, फक्त जागा चुकली. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची यादी देतात, माल घाऊक येतो आणि सभासदच तो वाटून घेतात. तिथे आधी यादी असते, मग माल. आम्ही आधी माल बघितला. आता गटात ठरलंय, की कपड्यांसाठी कर्ज मागणारीने यादी आणि दोन दुकानांचे भाव आणायचे. यावरून थोडी भांडणं झाली, पण ठराव झाला.

जाणारच असाल तर बिल वाचून घ्या. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. सूट दाखवून त्यावर वर कर लावणं ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली दिला आहे. तक्रारीचा फोन १९१५. आमच्यातल्या एकीच्या बिलात असा कर लागला होता, पण बिल गाडीतच हरवलं.