गिरणीच्या जमिनीखालची हवा

जुन्या गिरणीचं ऑफिस करताना जमिनीखालून एसी द्यायचं काम आलं, की मी आधी फरशीतले जुने चर शोधतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. हवा कोरडी पडली की सूत तुटतं. म्हणून पुढे अनेक गिरण्यांत पाण्याच्या फवाऱ्यातून धुतलेली हवा वरून सोडत, आणि उष्णता, कापसाचे तंतू घेऊन ती जमिनीतल्या चरांतून परत ओढत. सोय आधी धाग्याची होती. साचेखात्यातला, म्हणजे विणकामाच्या खात्यातला, कामगार त्याच दमट उकाड्यात आठ तास उभा असे. १९८२चा गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, तिथे ऑफिसं आली.

ऑफिसात हवेची वाट उलटी: थंड हवा जमिनीतून वर येते. १९५०च्या दशकात कॉम्प्युटरच्या खोल्यांत उचललेली फरशी आली. १९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या ऑफिसांनी ती माणसांसाठी वापरली. स्टँडवर दोन बाय दोन फुटी लाद्या, खाली साधारण फूटभर पोकळी. छतातून १३ अंशांची हवा चालते. पायाशी १७-१८ लागते. पण मुंबईत हवा आधी खूप थंड करून तिच्यातलं पाणी काढावंच लागतं, मग परतीची हवा मिसळायची. वायरींच्या भोकांना गॅस्केट हवंच, नाहीतर हवा भलतीकडेच फुटते.

चर बुजवण्याआधी त्यांची मापं आणि फोटो घ्या, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. गिरणगावाचा इतिहास चिमणीइतकाच या चरांतही आहे.